आमची वाटचाल : कॅन विकता विकता

सुरुवातीला आम्ही नुसते जंतुनाशकाचे कॅन विकायचो. वृद्धाश्रम आणि अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा केंद्रं ही आमची गिऱ्हाइकं. जितके कॅन खपतील तितका धंदा, एवढंच गणित.

ते मोडलं एका जुलाब-उलट्यांच्या साथीत. केंद्रातली एकेक खोली आजारी पडत गेली, आणि दारादारांशी आमच्याच सॅनिटायझरच्या बाटल्या! संचालिकाबाईंनी फोनवर विचारलं, "मग तुमचं औषध करतं तरी काय?" मला उत्तर देता आलं नाही. डॉक्टरांना नोरोव्हायरस या जुलाब-उलट्यांच्या विषाणूचा संशय होता, आणि त्याच्यावर सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलचा फारसा जोर चालत नाही. तिथे हाताला साबण-पाणी आणि फरशीला क्लोरीनच लागतं. सॅनिटायझर विकणाऱ्याला हे ठाऊक नसावं, याची लाज अजून वाटते.

मग शिकायला बसलो. आधी मळ काढायचा, जंतुनाशक नंतर. फवारून लगेच पुसलं तर ते वाया. लेबलावर सांगितलेला वेळ पृष्ठभाग ओला राहायला हवा. क्लोरीनचं द्रावण रोज ताजं करायचं. हात सॅनिटायझरने 20 ते 30 सेकंद चोळायचे, साबणाने धुवायला 40 ते 60. हातमोज्यांची एकच जोडी घालून चार आजी-आजोबांचे डायपर बदललेले आम्ही पाहिलेत. त्यापेक्षा मोजे नसलेले बरे, निदान हात तरी धुतले जातात.

आता मुख्य काम प्रशिक्षण आणि तपासणीचं. पलंगाची कड, घंटेचं बटण, कमोडशेजारचा दांडा इथे न दिसणाऱ्या जेलचे ठिपके लावतो. सफाईनंतर अतिनील टॉर्च मारला की राहिलेले ठिपके चमकतात. पहिल्या खेपेला सगळे खजील होतात. आम्ही जागा लिहून घेतो, नावं नाही. मावश्यांकडून आम्हीही शिकलो. म्हातारपणी संसर्ग झाला तरी ताप येईलच असं नाही. "आजोबा आज भलतंच बोलताहेत" हे आधी त्यांच्याच लक्षात येतं.

सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे आजारी कर्मचाऱ्याने घरी राहणं, तेही जुलाब-उलट्या थांबल्यावर 48 तास. खाड्याचे पैसे कापले जाणार असतील तर माणूस पोट धरून का होईना, कामावर येतोच. त्या साथीतही असंच एक जण आलं होतं, हे मागाहून कळलं. म्हणून करार करताना पगारी रजेचा विषय आम्हीच काढतो. "तुम्ही केमिकलवाले, तुम्हाला काय करायचंय?" असं सुनावून दोन गिऱ्हाइकं गेलीही. कॅनांचा खप निम्म्यावर आलाय. भागीदार अधूनमधून हिशेबाची वही माझ्यापुढे सरकवतो.