घटस्थापनेच्या तोंडावर बंद पडलेली पिकअप

गेल्या वर्षी घटस्थापनेला चार दिवस उरले असताना रताळ्यांची ३० पोती भरून मी पहाटे साडेचारला जांबोटी भागातल्या आमच्या गावाहून बेळगावच्या मार्केट यार्डाकडे निघालो. नवरात्राच्या उपवासांमुळे त्या आठवड्यात रताळ्याला चांगली मागणी असते आणि एका दिवसाच्या उशिरानेही भाव हातचा जातो. कुसमळीचा मलप्रभेवरचा पूल ओलांडल्यावर उष्णतेचा काटा लाल पट्टीत गेलेला मला दिसला होता. तरीही किणयेत माणसे भेटतील, या आशेने मी गाडी आणखी सात-आठ मिनिटे रेटली. पुढच्या खर्चाचा मोठा भाग त्या सात-आठ मिनिटांचा आहे.

इंजिन ओढेनासे होऊन बॉनेटखालून वाफ येऊ लागली तेव्हा गाडी थांबली. मी रेडिएटरच्या टोपणाला हात घालणार, इतक्यात सोबत असलेल्या चुलत्यांनी माझे मनगट धरले. आतले पाणी दाबाखाली असल्यामुळे १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही आणि टोपण सैल होताच उसळून अंगावर येते, हे मला ठाऊक होते, पण घाईत सुचले नाही. त्या दिवशी माझा चेहरा त्यांच्यामुळे वाचला.

मोबाइलला रेंज नव्हती. दुधाच्या गाडीबरोबर निरोप धाडला, गावातला टेम्पो आला, पोती त्यात चढवली आणि माल सौद्याच्या वेळेत यार्डात पोहोचला. मग रिकाम्या पिकअपला ट्रॅक्टरचे टोचन लावले. इंजिन बंद असले की ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात, त्यामुळे भरल्या गाडीला टोचन लावणे धोक्याचे असते. दोराऐवजी लोखंडी दांडा मिळाल्याने पिरनवाडीपर्यंतचे उतार निभावले.

गॅरेजच्या मिस्त्रींनी इंजिन ऑइलची पट्टी बाहेर काढली, तर तेल दुधाच्या चहासारखे झाले होते. अर्धे कन्नड, अर्धे मराठी बोलत त्यांनी सारे समजावले: वॉटर पंपाचे सील गेल्यामुळे पाणी जवळजवळ संपले, ॲल्युमिनियमचे हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, तापून वाकले, हेडखालची गळती रोखणारी चकती, म्हणजे गॅस्केट, फुटले आणि उरलेले पाणी तेलात उतरले. सील झिजू लागले की पंपाच्या खालच्या बारीक छिद्रातून थेंब पडू लागतात. तसे थेंब महिनाभर तरी पडत असावेत. पण पावसाळ्यात अंगण सदाच ओले असल्यामुळे ते आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आले नाहीत.

एका ओळखीच्या माणसाने नुसते गॅस्केट बदलून गाडी बाहेर काढण्याचा सल्ला दिला. हंगाम चालू होता, त्यामुळे मोह झाला. मिस्त्रींनी हेडवर सरळ पट्टी ठेवून तिच्याखाली फिलर गेजचे, म्हणजे बारीक फट मोजायचे, पातळ पाते सहज सरकवून दाखवले तेव्हा माझी शंका फिटली. वाकल्या हेडवर बसवलेले नवे गॅस्केट पुन्हा फुटणारच होते. हेड फेसिंगसाठी, म्हणजे घासून सपाट करण्यासाठी, उद्यमबागेतल्या कारखान्यात गेले आणि चौथ्या दिवशी परत आले. बोल्ट मधून कडेकडे, टॉर्क पान्याने टप्प्याटप्प्याने आवळताना मी शेजारी उभा होतो. जुने तेल आणि फिल्टर टाकून दिले, आणि साध्या पाण्याऐवजी कूलंट व पाणी निम्मे-निम्मे भरले, कारण कूलंटमुळे आत गंज धरत नाही.

बिल २३,००० रुपये झाले. वेळीच थांबलो असतो तर पंपाच्या अडीच-तीन हजारांत काम आटोपले असते. विम्यातून काही मिळाले नाही, कारण यांत्रिक बिघाड नेहमीच्या वाहन विम्यात धरला जात नाही. टेम्पोचे भाडे वेगळे द्यावे लागले.

आता गाडी अंगणात न ठेवता गोठ्याच्या पडवीत उभी करतो आणि रात्री पंपाखाली एक कोरडा पुठ्ठा सरकवतो. सकाळी धार काढायला गोठ्यात जाताना आधी तो उचलून पाहतो. या पावसाळ्यात तो रोज कोरडाच निघाला आहे.