चासीच्या मागचे आठ खाने आणि "कोणताही स्विच लावा"

परवा रात्री जेवण झाल्यावर अंगणात बाज टाकून बसलो होतो तं आमच्या कॉलेजातल्या जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. पोट्टा आता वर्ध्याकडं एका पतसंस्थेत कॉम्प्युटरचं सगळं पाहतो. म्हणे, "सर, जुना ब्लेड सर्व्हर मिळून राहिला, एचपीचा सी७०००, आठ ब्लेडसकट. डीलर म्हणते मांगं कोणताही स्विच लावा, चालते. घेऊ काय?" मी म्हटलं थांब बाप्पा, पैसे देऊ नको, मी सगळं सवडीनं लिहून देतो. कारण या "कोणताही स्विच लावा" पायीच आम्ही आमच्या लॅबमधे दोन दिवस घालवले होते, आणि नागपूर गाठायला जिथं एसटीनं अर्धा दिवस जातो तिथं चुकीचा स्विच घरी येणं म्हणजे काय असतं ते मला चांगलं माहीत आहे.

आधी ही चासी म्हणजे काय ते डोळ्यासमोर आणा, पातळ पाटीसारखे सर्व्हर, म्हणजे ब्लेड, ज्यात सरकवतात ती मोठी पेटी. सी७००० ही २००६ सालची चीज, रॅकमधे १० यू (यू म्हणजे रॅकच्या उंचीचं माप) जागा खाते, समोरून अर्ध्या उंचीचे १६ ब्लेड बसतात किंवा पूर्ण उंचीचे ८. पूर्ण भरली की वजन दोनशे किलोच्या वर जातं, आम्ही तं ब्लेड आणि पॉवर सप्लाय सगळे काढून रिकामी उतरवली तरी सहा जण लागले. ब्लेडला स्वतःची नेटवर्क केबल लावायची जागा नसतेच. नेटवर्क सगळं मागून निघतं, आणि मागं त्यासाठी आठ खाने आहेत, त्यांना इंटरकनेक्ट बे म्हणतात. वरच्या ओळीत १ आणि २, त्याखाली ३-४, मंग ५-६, शेवटी ७-८. स्विच बसतो तो या खान्यांत.

आता मुख्य गोष्ट. ब्लेड आणि हे खाने यांच्यामधे मिडप्लेन नावाची एक पाटी असते आणि तिच्यावरचे रस्ते कायमचे पक्के असतात. तुमच्या वावरातून सडकेवर निघायची पांदण जशी ठरलेली असते, शेजाऱ्याच्या धुऱ्यावरून बंडी काढता येत नाही, तसंच. अर्ध्या उंचीच्या ब्लेडच्या मदरबोर्डवरचे जे दोन नेटवर्क पोर्ट आहेत त्यातला पहिला बे १ ला जातो, दुसरा बे २ ला. त्याच ब्लेडमधे मेझनाईन कार्ड (जास्तीचे पोर्ट देणारं छोटं कार्ड) टाकायच्या दोन जागा असतात, पहिल्या जागेवरचं कार्ड बे ३ आणि ४ ला जातं, दुसऱ्या जागेवरचं ५ आणि ६ ला, आणि ते चार पोर्टचं असलं तं ७-८ लाही. यात सेटिंगनं काहीच बदलत नाही, तांब्याचा रस्ताच तसा आहे.

आम्हाला हे माहीत नव्हतं. आमच्या चासीत बे १ आणि २ मधे आधीच पास-थ्रू (ब्लेडचा पोर्ट सरळ बाहेर काढणारे साधे डबे, पुढं सांगतो) बसलेले होते, ते काढायचे कशाला, खाली ३ नंबर मोकळा दिसतो म्हणून आम्ही वेगळा आणलेला स्विच तिथं सरकवला. लॅच दाबल्यावर खट्ट आवाज झाला, दिवा हिरवा झाला, मॅनेजमेंटचा आयपी पिंगला उत्तर देऊ लागला, बाहेरची केबल लावली तं तिचाही लाईट लागला, म्हणजे सगळं ठीक. पण आतले सोळाच्या सोळा पोर्ट डाऊन. ब्लेडवर पाहावं तं केबल निघालेली आहे असं दाखवतं, आणि इथं तं केबलच नाही! आम्ही पॅच कॉर्ड बदलल्या, स्विच फॅक्टरी रिसेट केला, दुसऱ्या दिवशी तं डीलरला स्विच खराब आहे म्हणून फोनही लावला. शेवटी सायंकाळी एका ब्लेडचं झाकण उघडून टॉर्च मारला तं मेझनाईनच्या दोन्ही जागा रिकाम्या. बे ३ कडं जाणारी पांदण होती पण तिच्यावर निघणारी बंडीच नव्हती. स्विच काढून बे १ मधे पास-थ्रूच्या जागी घातला, चहा येईपर्यंत आतल्या पोर्टचे लाईट एकेक करून लागले. शिपाई काका बाजूला उभे होते, म्हणाले, "एवढंच होतं तं दोन दिवस काऊन घालवले?" त्यांचं बरोबर होतं.

म्हणून घेताना पहिला प्रश्न स्विचचा नाही, ब्लेडमधे कोणकोणतं कार्ड आहे हा आहे. तेवढं कळलं की कोणते खाने तुमच्या कामाचे तेही कळतं. मंग त्या खान्यात काय घालायचं याचे ढोबळ तीन रस्ते आहेत.

पहिला पास-थ्रू. यात डोकंच नसतं, एका ब्लेडचा एक पोर्ट सरळ मागच्या एका जॅकला जोडलेला, १६ ब्लेड तं १६ जॅक. आयपी नाही, पासवर्ड नाही, फर्मवेअरची कटकट नाही. पण आठ ब्लेडचे दोन दोन पोर्ट म्हणजे १६ केबल, आणि रॅकमधल्या तुमच्या स्विचचे १६ पोर्ट तिथंच खपले, २४ पोर्टच्या स्विचमधे उरलं काय. तीन-चार ब्लेडच चालवणार असाल तं मी आजही पास-थ्रूच सांगीन.

दुसरा म्हणजे खराखुरा ब्लेड स्विच. सिस्कोचा कॅटॅलिस्ट ३०२० घ्या उदाहरण म्हणून, आतल्या बाजूला १६ गिगाबिट पोर्ट आणि बाहेर ८. म्हणजे १६ ब्लेडसाठी चार केबल बाहेर काढल्या तं प्रमाण चारास एक, आठही काढल्या तं दोनास एक. हे ऐकून लोक घाबरतात, पण सगळे ब्लेड एकाच वेळी पूर्ण वेगानं बाहेर ओकत नसतात, आणि ब्लेड-ब्लेडमधलं बोलणं, म्हणजे आपला डेटाबेस एका ब्लेडवर आणि अ‍ॅप्लिकेशन दुसऱ्यावर, ते स्विचच्या आतल्या आतच निपटतं, बाहेर येतच नाही. पतसंस्थेला किंवा आमच्यासारख्या कॉलेजला चार केबल भरपूर झाल्या. फक्त हा पूर्ण स्विच आहे हे विसरायचं नाही, व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्क) बनवावे लागतात, वरच्या, म्हणजे रॅकमधल्या मुख्य स्विचकडं ट्रंक (सगळे व्हीलॅन नेणारी जोडणी) करावी लागते, स्पॅनिंग ट्री (केबलचं वेटोळं झालं तं तोडणारी सोय) समजून घ्यावी लागते. आणि नावाला भुलू नका. ३०२० हा एचपीच्या चासीचा, डेलच्या एम१०००ई साठी ३०३२ वेगळा, आयबीएम ब्लेडसेंटरचा ३०१२ वेगळा. आतली तऱ्हा सारखी असली तरी एकाचा दुसऱ्यात बसत नाही, आणि जुन्या बाजारात तिन्ही "सिस्को ब्लेड स्विच" याच नावानं विकायला असतात.

तिसरा व्हर्च्युअल कनेक्ट, हा एचपीचाच. याची खरी ताकद अशी की सर्व्हरची ओळख, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस वगैरे, ब्लेडमधे न राहता चासीतल्या ब्लेडच्या जागेच्या प्रोफाइलमधे राहते. ब्लेड मेला तं दुसरा सरकवा, नेटवर्कला वाटतं तोच सर्व्हर आहे. त्यातला फ्लेक्स-१० नावाचा प्रकार असला तं १० गिगाबिटच्या एका पोर्टचे चार तुकडे करता येतात आणि प्रत्येकाला किती वेग द्यायचा ते १०० मेगाबिटपासून ठरवता येतं. वरच्या स्विचला हा स्विच म्हणून दिसतच नाही, सर्व्हरसारखा दिसतो, स्पॅनिंग ट्रीत भाग घेत नाही. मोठ्या ठिकाणी सर्व्हरवाले वेगळे आणि नेटवर्कवाले वेगळे, एकमेकांना विचारल्याशिवाय केबल हलत नाही, तिथं हे वरदान आहे. पण आपल्याकडं सर्व्हरवाला, नेटवर्कवाला आणि प्रिंटरचा कागद काढणारा एकच माणूस. शिवाय १० गिगाबिटचा फायदा घ्यायचा तं ब्लेडचं कार्ड तसं पाहिजे, जुन्या ब्लेडचे १ गिगाबिटचे पोर्ट त्यावर १ गिगाबिटनंच चालतात, आणि वर रॅकमधेही १० गिगाबिटवाला स्विच लागतो. त्याच्यावरचा फ्लेक्सफॅब्रिक तं स्टोरेजचं फायबर चॅनलही त्यातूनच नेतो, पण ज्याच्याकडं सॅन (स्टोरेजचं वेगळं नेटवर्क) नाही त्यानं त्या वाटेला जाऊच नये. माझं स्पष्ट मत आहे, गावाकडं एकट्या माणसानं चालवायच्या चासीत साधा ब्लेड स्विच बरा.

दुसऱ्या कंपनीची चासी स्वस्तात मिळत असली तरी हाच हिशोब लावायचा. डेलच्या एम१०००ई मधे खाने सहा, ए बी सी अशा तीन जोड्या, मदरबोर्डवरचे पोर्ट ए१-ए२ ला, बाकी मेझनाईनचे. सिस्कोच्या यूसीएस ५१०८ चं मात्र वेगळंच आहे, मागं जे बसतं तो स्विच नाहीच, तो सगळी वाहतूक वरच्या फॅब्रिक इंटरकनेक्टकडं (चासीबाहेरचा वेगळा मुख्य स्विच) ढकलतो, शेजारच्या ब्लेडशी बोलायचं तरी वर जाऊन खाली यावं लागतं. ते इंटरकनेक्ट सोबत नसलं तं नुसती चासी घेऊन उपयोग शून्य. त्याचा मिनी प्रकार आहे, त्यात ६३२४ नावाचं इंटरकनेक्ट चासीतच बसतं, तेवढं सोडून.

आता ज्यासाठी मला खरं लिहायचं होतं ते. आम्ही पुढं बे २ मधलाही पास-थ्रू काढून तिथं दुसरा स्विच घातला, प्रत्येक ब्लेडवर लिनक्समधे दोन पोर्टचं बाँडिंग केलं, एक चालू एक राखीव. मनात होतं की एक स्विच गेला तरी दुसरा सांभाळतो. पोट्टे ऑनलाइन प्रॅक्टिकल देत होते त्या दिवशी अकराच्या सुमारास सगळं बंद. रॅकच्या मागं जाऊन पाहिलं तं उंदरानं पाईपमधे केबल कुरतडल्या होत्या, बे १ च्या स्विचच्या दोन्ही अपलिंक (वरच्या स्विचकडं जाणाऱ्या केबल) एकाच पाईपमधून नेल्या होत्या त्या दोन्ही तुटलेल्या. बरं, मंग बे २ चा स्विच तं धडधाकट होता, त्याच्याकडं वाहतूक काऊन गेली नाही? कारण ब्लेडच्या दृष्टीनं काहीच बिघडलं नव्हतं! ब्लेडचा पहिला पोर्ट बे १ च्या स्विचला आतून जोडलेला, तो स्विच चालू, आतला लिंक चालू, लाईट हिरवा. स्विचच्या पुढं रस्ता तुटला आहे हे ब्लेडला कोण सांगणार? तो बिचारा त्याच रस्त्यानं पाठवत राहिला. त्या दिवशी पोट्ट्यांचे चेहरे पाहून मला फार वाईट वाटलं, कितीतरी जण खेड्यावरून पहाटेची बस धरून आले होते.

याचा इलाज आहे आणि तो फुकट आहे, म्हणून तं जीव तोडून सांगतो. सिस्कोच्या ब्लेड स्विचमधे लिंक स्टेट ट्रॅकिंग नावाची सोय आहे, अपलिंक एका बाजूला, आतले पोर्ट दुसऱ्या बाजूला असा एक गट बांधायचा. सगळ्या अपलिंक पडल्या की स्विच आतले पोर्ट स्वतःच पाडतो, मंग ब्लेडला कळतं आणि तो दुसऱ्या पोर्टवर जातो. व्हर्च्युअल कनेक्टमधे हेच स्मार्टलिंक नावानं आहे. स्विचला जमत नसलं तं लिनक्सच्या बाँडिंगमधे लिंकच्या लाईटवर विसंबायचं नाही, एआरपी मॉनिटरिंग लावायचं, गेटवे उत्तर देतो की नाही ते तो विचारत राहतो. पास-थ्रूमधे हा प्रश्न येतच नाही, कारण मधे कोणी नाही, केबल तुटली की ब्लेडचा लिंकच जातो, साधेपणाचा हा फायदा मला उंदरानं शिकवला.

लावून झाल्यावर पिंग चालू ठेवून स्वतःच्या हातानं अपलिंक ओढून पाहा. आधी एक, मंग दोन्ही. मंग अख्खा स्विचच बाहेर काढा. आम्ही आता दर सत्राच्या सुरुवातीला सुटीच्या दिवशी हे करतो, दोन-तीन पिंग गेले आणि परत आले की मन शांत होतं. आणि दोन स्विचच्या केबल दोन वेगळ्या पाईपमधून नेल्या, वर जाळी ठोकली.

गरमीचंही थोडं. चासीला १० ते ३५ डिग्रीची हवा पाहिजे आणि आपल्याकडं मे महिन्यात बाहेर ४५-४६ असते. गरम हवा मागून निघते, म्हणजे नेमकी जिथं स्विच आणि केबल आहेत तिथून. एसीचं तोंड समोर ठेवा, मागं खेटून भिंत नको, आणि दहाही पंख्यांच्या जागा भरलेल्या आहेत का ते पाहा.

तं पोट्ट्याला मी डीलरकडून दोन फोटो मागवायला सांगितले, एक चासीच्या मागचा आणि एक ब्लेडचं झाकण उघडून आतला. काल सायंकाळी आले. आतल्या फोटोत मेझनाईन एकही नाही, म्हणजे त्याच्या कामाचे खाने दोनच, १ आणि २. मागच्या फोटोत बे १ मधे पास-थ्रू, बे २ मधे स्विच, आणि बे ५ मधे एक फायबर चॅनलचा स्विच, ज्याचा त्याला काडीचाही उपयोग नाही आणि ज्याचे पैसे डीलरनं भावात धरले आहेत. मी त्याला कळवलं, बे ५ चा काढून ठेवायला सांग, १ आणि २ ला एकसारखे दोन स्विच माग, आणि मंग नवा भाव विचार. आज दुपारी त्याचा मेसेज आला, डीलर दुसरा ३०२० शोधून राहिला म्हणते.