तुम्ही विचारलंत म्हणून: नर्सिंगच्या मुलींना हे कशाला?

"मॅडम, पोर्शन आधीच पुरा होत नाही. त्यात गे, तृतीयपंथी वगैरे कशाला शिकवता?" पालक विचारतात, स्टाफरूममध्ये विचारतात. आरोग्य विद्यापीठ आपल्याच गावात, म्हसरूळला, तरी नाशकातच हा प्रश्न मला सर्वांत जास्त ऐकावा लागतो. आजवर मी कायदा सांगायचे. तृतीयपंथीयांची ओळख मान्य करणारा सुप्रीम कोर्टाचा २०१४चा नालसा निकाल, समलैंगिक संबंध गुन्हा नाही म्हणणारा २०१८चा कलम ३७७चा निकाल. २०१९चा तृतीयपंथी व्यक्तींचा कायदा तर डॉक्टरांच्या अभ्यासक्रमाचा आढावा घ्यायला सांगतो. सिस्टरांचं नाव त्यात नाही. पण रात्री तीन वाजता पेशंटजवळ कोण असतं?

खरं कारण मात्र कायदा नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी क्लिनिकल इन्स्ट्रक्टर होते, विद्यार्थिनींना वॉर्डात शिकवायचे. मेल वॉर्डात लघवी अडकलेली एक पेशंट आली. साडी, हातभर हिरव्या बांगड्या, केसपेपरवर पुरुषाचं नाव. ते नाव मी वॉर्डभर ऐकू जाईल असं पुकारलं. तीनदा. शेजारच्या खाटेवरचा माणूस हसला, तेव्हा कुठे तिनं हात वर केला. तिच्या गुरूला मी "नातेवाईक नाही ना? मग बाहेर थांबा" म्हणाले. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, टाकायचा होता. सहा विद्यार्थिनींना पडद्याच्या आत घेतलं आणि म्हटलं, "बघून घ्या, अशी केस परत मिळायची नाही."

तिला विचारलं नाही. तिनं पदर तोंडावर ओढला आणि खाटेचा दांडा धरला. बांगड्या लोखंडावर वाजत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी रात्रपाळीकडून ओव्हर घेताना कळलं, पेशंट रात्रीच लामा गेली, म्हणजे डॉक्टरांचा सल्ला न मानता निघून गेली, कॅथेटरसकट. कॅथेटर जितके दिवस राहील तितका इन्फेक्शनचा धोका वाढतो, हे मीच शिकवत होते. तो कुणी काढला असेल?

चाळीस पेशंटना दोन सिस्टर होत्या. असा पेशंट कसा सांभाळायचा हे मला कुणी शिकवलंही नव्हतं. दोन्ही खरं आहे. पण पेशंटची लाज राखायची, हे तर पहिल्या वर्षीच शिकवलेलं होतं ना? तेव्हाची मी म्हणते, मुद्दाम नव्हतं केलं. नव्हतंच. त्या सहाजणींनी मात्र माझ्याकडूनच घेतलं ते.

म्हणून आता केसपेपर हातात घेतला की पहिला प्रश्न, "तुम्हाला कुठल्या नावानं हाक मारू?" "लग्न झालंय का?" हे लगेच नाही. आधी, "तुमच्याजवळ कुणाला बसू देऊ?" मित्र म्हणून सोबत आलेला मुलगा खरं तर जोडीदार असतो, आणि आपण त्याला व्हिजिटिंग अवर संपले म्हणून घालवतो. "पण मॅडम, हा आजारच ना?" असं दरवर्षी कुणीतरी विचारतंच. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९०मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, हे मी फळ्यावर लिहिते.

वॉर्डाचं काय करायचं, ते अजून सुटलेलं नाही. फीमेल वॉर्डात ठेवा म्हटलं, तर शेजारच्या बाईचे नातेवाईक भांडायला येतात, आणि त्या बाईचा संकोचही खोटा नसतो. "पेशंटला विचारा," मी सांगते. "आणि खाट एकच शिल्लक असेल तर?" मुली विचारतात. त्यावर आमचा अख्खा तास जातो आणि पोर्शन खरंच मागे राहतो.