टर्की धुवायची नसते!

थँक्सगिव्हिंग या इथल्या अमेरिकन सणाची टर्की धुवू नका. अमेरिकेच्या कृषी खात्याची ही सूचना दर नोव्हेंबरात येते आणि दर नोव्हेंबरात आपल्या लोकांच्या गळी उतरत नाही. ज्या घरात तांदूळ तीन पाण्यांनी धुतात आणि कोंबडीला हळद-मीठ चोळून पुन्हा पाण्याखाली धरतात, तिथे सात किलोंचा पक्षी पिशवीतून काढून तसाच ओव्हनमध्ये सरकवायचा, ही कल्पनाच सहन होत नाही. पण कारण चोख आहे. नळाखाली धरलेल्या मांसावरून उडणारे शिंतोडे सिंकभर पसरतात, ओट्यावर आणि शेजारी चिरून ठेवलेल्या काकडीवरही जातात. त्यांच्यासोबत साल्मोनेला हा जंतू जातो. पाण्याने तो मरत नाही, १६५ अंश फॅरनहाइटला (७४ सेल्सिअस) मरतो. टर्की ओली वाटली तर कागदी टॉवेलने टिपायची, टॉवेल कचऱ्यात टाकायचा आणि हात साबणाने २० सेकंद धुवायचे.

आपल्या आया मात्र चुकत नव्हत्या, हेही सांगून टाकते. खाटकाने समोर कापून दिलेल्या कोंबडीला रक्त, पिसं, हाडांचा चुरा चिकटलेला असतो. इथला पक्षी कारखान्यातून साफ होऊन, वेष्टनात बंद होऊन येतो. माल वेगळा, म्हणून रीत वेगळी.

आणि हळद-मिठाचं म्हणाल तर इथले हौशी स्वयंपाकी ज्याला मोठ्या कौतुकाने ड्राय ब्राइन म्हणतात, ते त्याचंच लांबवलेलं रूप आहे. आपण अर्धा तास ठेवतो, हे दोन दिवस ठेवतात, एवढंच. (ठीक आहे, दोन दिवसांनी फरक पडतो, खूप पडतो.) दर ५ पौंडांना सपाट १ टेबलस्पून कोशर मीठ (जाड दाण्यांचं मीठ), म्हणजे १५ पौंडांच्या टर्कीला ३. छातीवर सढळ हाताने, पायांवर बेताने चोळायचं, आणि ट्रेमध्ये न झाकता फ्रिजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवायचं. मीठ आधी मांसातलं पाणी बाहेर ओढतं, त्याच पाण्यात विरघळतं आणि परत आत मुरतं. असं मुरलेलं मांस भाजताना कमी आकसतं, त्यामुळे रस धरून राहतो. उघडी राहिलेली कातडी सुकते, आणि सुकलेली कातडीच कुरकुरीत होते.

घोळ होतो तो मापात. डायमंड क्रिस्टलसारख्या कोशर मिठाचे दाणे पोकळ असतात, चमचाभर घेतलं तरी वजन बारीक मिठाच्या जवळपास निम्मंच भरतं. रोजचं बारीक मीठ त्याच मापाने चोळलं तर ताटात खारवलेलं सुकट येईल, तेव्हा निम्मं घ्या. शिवाय लेबल वाचा. स्वस्त गोठवलेल्या टर्कीत बऱ्याचदा मिठाचं पाणी आधीच टोचलेलं असतं, आणि तसं बारीक अक्षरांत छापलेलं असतं. कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमांप्रमाणे कापलेली टर्कीही आधीच मीठ लावलेली असते. अशांना वरून मीठ लावू नये.

आता खरी डोकेदुखी, बर्फ. सणाच्या आठवड्यात इथल्या सुपरमार्केटात मिळणारी बहुतेक टर्की दगडासारखी गोठलेली असते. तिचं गणित पाठ करून ठेवावं असं आहे: फ्रिजमध्ये दर ४ ते ५ पौंडांना २४ तास. माणशी १ ते दीड पौंड धरतात, तेव्हा १० ते १५ पानांसाठी १५ पौंडी पक्षी आणला, तर वितळायलाच ३ ते ४ दिवस. त्यावर मिठाचे दोन दिवस. गुरुवारी दुपारी जेवायचं असेल तर टर्की आधीच्या शुक्रवारी रात्री फ्रिजमध्ये गेली पाहिजे, म्हणजे मंगळवारी मीठ लावता येतं. सोमवारी आठवण झाली की मिठाचे दिवस गेले. बुधवारी रात्री हात आत घातल्यावर पोटात बर्फाचा गोळा लागला, तर गार पाण्याचा मार्ग उरतो: न गळणाऱ्या वेष्टनात पूर्ण बुडवायची, दर पौंडाला ३० मिनिटं, आणि दर ३० मिनिटांनी पाणी बदलायचं. पूर्ण गोठलेल्या १५ पौंडांना हे साडेसात तास चालतं, रात्रभर गजर लावून. पाण्यात वितळवलेली टर्की लगेच शिजवावी लागते. ओट्यावर रात्रभर ठेवून द्यायची मात्र नाही. आत बर्फ असतानाच बाहेरचा थर कोमट होतो आणि जंतूंची तिथे पंगत बसते.

बर्फ गेल्यावर पोट आणि मान, दोन्हीकडे हात घालून बघा. मान आणि काळीज-पेटा यांची पिशवी आत खुपसलेली असते. ती तशीच भाजली जाणं हा इथला जुना विनोद आहे आणि दरवर्षी खरा ठरतो.

एवढं सगळं करूनही टर्की कोरडी का होते? कारण ती एका पक्ष्यात दोन पदार्थ आहे. छातीचं पांढरं मांस १६५ च्या पुढे गेलं की भुसा होतं. तंगडीचं काळसर मांस १६५ ला खाण्याजोगं होतं, पण आतल्या चिवट ऊती विरघळून ते मऊ व्हायला १७५ लागतात. अख्खी टर्की ३२५ अंशांवर तीन-पावणेचार तास भाजली की तंगडीची वाट बघता बघता छाती वाळते. उपाय इथल्या शहाण्या स्वयंपाक्यांनी काढलेला आहे: मजबूत कात्रीने पाठीचा कणा कापून काढायचा, पक्षी उलटा करून छातीच्या हाडावर दोन्ही तळवे दाबायचे, कडकन आवाज आला की टर्की पुस्तकासारखी उघडी पडते. तंगड्या कडेला, उष्णतेच्या जवळ. ४५० अंशांवर १२ ते १४ पौंडांचा पक्षी दीड तासाच्या आतबाहेर होतो. काढलेल्या कण्याचा रस्सा ग्रेव्हीला लागतो. अख्खी टर्की थाळीत मिरवत आणण्याचा थाट तेवढा जातो, आणि काही घरांत त्यावरून आजही तोंडं फुगतात.

थर्मामीटर घ्याच. आपण वासावरून, रंगावरून, बोटाने दाबून ओळखतो आणि त्याचा अभिमानही बाळगतो. माशाला तो शोभतो. पण सात किलोंच्या पक्ष्यात बोट कुठवर जाणार? टोक हाडाला न टेकवता छातीच्या जाड भागात आणि मांडीत खुपसायचं. काही टर्कींना टोचलेलं प्लॅस्टिकचं बटण वर उडेपर्यंत थांबलात तर बऱ्याचदा छाती गेलेली असते.

लिंकनने १८६३ मध्ये राष्ट्रीय थँक्सगिव्हिंग जाहीर केलं आणि नोव्हेंबरचा चौथा गुरुवार काँग्रेसने १९४१ मध्ये कायद्याने पक्का केला. ताट मात्र कुठल्याच कायद्याशिवाय पक्कं झालं. टर्की, पावाचं स्टफिंग, कुस्करलेला बटाटा, ग्रेव्ही, क्रॅनबेरी, फरसबी, रताळं, भोपळ्याचा पाय (पारीत भाजलेला गोड पदार्थ). दक्षिणेत मक्याच्या पावाचं ड्रेसिंग आणि मॅकरोनी-चीज, बाकी जवळपास तेच. आपल्या गौरीच्या नैवेद्यात दर दहा कोसांवर भाजी बदलते, त्यापुढे हे जरा फिकंच वाटतं. पण यातली मेख वेगळी आहे: आठ पदार्थ आणि ओव्हन एक. आपल्याकडे चार शेगड्या पेटतात, पुरी कढईतून थेट पानात पडते, आणि तळणाऱ्या बाईला पंगत उठेपर्यंत बसायला मिळत नाही. इथला सगळा बेत ओव्हनच्या दोन फळ्यांवर आखलेला असतो आणि घरची बाई सगळ्यांबरोबर जेवते. याबाबतीत कौतुक करायचंच झालं तर मी हातचं राखणार नाही.

क्रॅनबेरी सोमवारीच होते: ३४० ग्रॅमची पिशवी, १ कप साखर, १ कप पाणी, फळं तडतडून फुटेपर्यंत दहा मिनिटं. पातळ दिसलं म्हणून आटवत बसू नका. तिच्यात पेक्टिन भरपूर असतं, गार झाली की आपोआप थिजते. स्टफिंगचा पाव मंगळवारी तुकडे करून सुकवतात, ताजा वापरला तर लगदा होतो. बुधवारी ओव्हन पायचा. नेहमीचं माप असं: ४२५ ग्रॅम डब्यातला भोपळ्याचा गर, ३५० मिलिलिटरच्या आसपास बिनसाखरेचं आटीव दूध, पाऊण कप साखर, २ अंडी, दालचिनी, आलेपूड, लवंग. ४२५ अंशांवर १५ मिनिटं, मग ३५० वर ४० ते ५०. मधला भाग किंचित थरथरत असतानाच बाहेर काढायचा, पूर्ण घट्ट होईपर्यंत ठेवला की वर भेग पडते.

गुरुवारी टर्की बाहेर आली की तिला निदान अर्धा तास कापायची नसते, रस मुरू द्यायचा. नेमक्या त्या अर्ध्या तासात मोकळा झालेला ओव्हन ३५० वर आणून त्यात फरसबीचं कॅसरोल जातं. ते १९५५ मध्ये कॅम्पबेल सूप कंपनीच्या प्रयोग-स्वयंपाकघरात डॉर्कस रायली आणि तिच्या सहकाऱ्यांनी तयार केलं: मशरूम सूपचा डबा, अर्धा कप दूध, चमचाभर सोया सॉस, ४ कप उकडलेली फरसबी, तळलेला कांदा. २५ मिनिटं, मग वर उरलेला कांदा पेरून आणखी ५. डब्यातल्या सुपाला आपण नाकं मुरडतो खरी, पण दिवाळीत पाकिटातले गुलाबजाम वळणाऱ्यांनी फार बोलू नये. बटाटा याच वेळात शेगडीवर होतो. तो मिक्सरमध्ये फिरवला तर स्टार्च मोकळा होऊन चिकट खळ होते, हातानेच कुस्करा आणि दूध गरम घाला.

शाकाहारी पाहुण्यांनी मात्र पदार्थागणिक विचारावं. स्टफिंगमध्ये कोंबडीचा रस्सा असतो, रताळ्यावरच्या मार्शमेलोत जिलेटिन, पायच्या पारीत कधी डुकराची चरबी. "यात मांस आहे का?" या प्रश्नाला यजमान प्रामाणिकपणे "नाही" म्हणतो, कारण त्याच्या लेखी मांस म्हणजे दिसणारा तुकडा.

"काय आणू?" असं इथे विचारतातच, आणि उत्तर मिळालं तर जे न्याल त्याला त्यांचा ओव्हन लागता कामा नये. त्या दिवशी तिथे मिनिटांचं भाडं चालू असतं. गार खाता येणारे दोन पदार्थ हमखास संपतात. एक, क्रॅनबेरीचा मेथांबा: तेलात मोहरी, पाव चमचा मेथीदाणे, हिंग, हळद, मग पिशवीभर फळं, दीडशे ग्रॅम गूळ, तिखट, मीठ. फळं फुटली की उतरवा, कैरीसारखं शिजवत बसू नका. मेथी करपली की कडवटपणा गुळानेही झाकत नाही. दुसरे, त्याच डब्यातल्या भोपळ्याचे घारगे. मात्र डब्यातला गर आपल्या किसापेक्षा ओला असतो. तो चमचाभर तुपात दहा मिनिटं परतून पाणी आटवा, मगच पाऊण कप गूळ घाला. नाहीतर कणीक घेत घेतच बसते आणि घारगे चामड्यासारखे होतात. दोन चमचे तांदळाची पिठी विसरू नका.

जेवण दुपारी दोन-तीनला सुरू होतं. उरलेलं दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, आणि तीन-चार दिवसांत संपवायचं. चरबी सिंकमध्ये ओतू नका, बटाट्याच्या साली सिंकखालच्या यंत्रात ढकलू नका. शुक्रवारी प्लंबर मिळता मिळत नाही. सांगाडा फेकू नका. तोडून मोठ्या पातेल्यात बुडेल इतकं पाणी घालून मंद आचेवर तीन तास ठेवला की तांबड्या रश्श्याचं पाणी तयार होतं. सुकं खोबरं, तीळ, खसखस आणि कांद्याचं वाटण, कांदा-लसूण मसाला, आणि उरलेली तंगडी फक्त शेवटच्या पाच मिनिटांत, ती शिजलेलीच आहे. मीठ घालण्याआधी चव बघा. ते मंगळवारीच घातलेलं आहे.