ऊसतोड कुटुंबांची पाहणी आखताना

जिल्हा सांख्यिकी कार्यालयाचे बरेचसे वर्ष इतरांनी गोळा केलेले आकडे जुळवण्यात जाते. जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन या आमच्या वार्षिक प्रकाशनासाठी निरनिराळ्या कार्यालयांना पत्रे पाठवायची, मग स्मरणपत्रे पाठवायची आणि आलेल्या आकड्यांची मागील वर्षाच्या आकड्यांशी पडताळणी करायची, हा आमचा नेहमीचा क्रम. त्यामुळे मराठवाड्यातील आमच्या जिल्ह्यातून ऊसतोडीसाठी होणाऱ्या हंगामी स्थलांतराची स्वतंत्र नमुना पाहणी जिल्हा वार्षिक योजनेच्या निधीतून करावी असे ठरले आणि तिचा आराखडा करण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा पहिल्यांदाच आकडा कोणाकडून मागवायचा नसून मुळापासून उभा करायचा होता. क्षेत्रीय काम सुरू होण्यापूर्वीच्या त्या आखणीविषयी येथे लिहीत आहे, कारण पाहणीचे बरेवाईट बहुतांशी तेथेच ठरते आणि त्याबद्दल मराठीत फारसे वाचायला मिळत नाही.

मागणी एका वाक्याची होती: जिल्ह्यातून किती कुटुंबे तोडीला जातात आणि त्यांच्या मुलांच्या शाळेचे काय होते. याची उत्तरे बाजारात आधीच भरपूर होती. कामगार संघटनांचा आकडा वेगळा, ऊसतोड कामगारांच्या ओळखपत्रांसाठी ग्रामसेवकांनी केलेल्या नोंदणीचा वेगळा आणि हंगामी वसतिगृहांच्या प्रस्तावांवरून निघणारा आणखी वेगळा. नीट पाहिल्यावर लक्षात आले की यातला कोणताही आकडा दुसऱ्याला खोटा ठरवत नव्हता. एकजण कोयते मोजत होता, दुसरा व्यक्ती, तर तिसरा मुले. तोडीच्या व्यवहारात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता आणि एकटा मजूर म्हणजे अर्धा कोयता. त्यामुळे अर्धे कोयते नीट धरले असतील तरच कोयत्यांना दोनने गुणून मजूर मिळतात, आणि एका घरातून तीन कोयते जात असतील तर कुटुंबांची संख्या तर मुळीच मिळत नाही.

म्हणून प्रश्नावलीला हात न लावता मी आधी कोरे तक्ते तयार केले. अहवालात कोणते तक्ते छापले जातील, त्यांच्या ओळी कोणत्या आणि रकाने कोणते, हे आकड्यांशिवाय कागदावर मांडून संबंधित विभागांच्या बैठकीत ठेवले. प्रत्येक विभागाला आपले चार प्रश्न घालायचे होते आणि ते स्वाभाविकही होते, परंतु ‘या उत्तराने कोणत्या तक्त्यातला कोणता रकाना भरणार आहे?’ एवढेच विचारल्यावर निम्म्याहून अधिक सूचना आपोआप मागे पडल्या. एका विभागाने मात्र आधार क्रमांक घ्याच असा आग्रह धरला. मी त्याला ठाम विरोध केला. आधार मागितला की घरातील माणसे ही योजनेची यादी आहे असे समजतात, मग उत्तरे योजनेच्या दिशेने वळतात आणि जो तोडीला कधी गेलेला नाही तोही जातो म्हणून सांगतो. शिवाय सांख्यिकी संकलन अधिनियम, २००८ माहिती देणाऱ्याची ओळख गुप्त राखण्यावर भर देतो. ज्या माहितीची तक्त्यात गरजच नाही ती गोळा करून नंतर सांभाळत बसण्याचे कारण नव्हते. शेवटी तो रकाना वगळण्यात आला.

यानंतरचा मुद्दा वरवर पाहता पुस्तकी वाटतो, पण सगळा आराखडा त्याच्याभोवती फिरला. तोडीला गेलेले कुटुंब राहते कोठे? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या पद्धतीत सहा महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर असलेली व्यक्ती घरच्या कुटुंबात धरली जाते, आणि २००७-०८ मधील ६४ व्या फेरीत अल्पकालीन स्थलांतरित म्हणून एक महिना किंवा अधिक, पण सहा महिन्यांपेक्षा कमी काळ कामासाठी बाहेर राहिलेल्यांची नोंद केली होती. ऊसतोडीचा हंगाम नेमका याच सीमेवर उभा असतो. पाऊस चांगला झाला आणि ऊस उभा राहिला तर टोळी सहा महिने ओलांडते, दुष्काळात चार महिन्यांत परतते. म्हणजे तीच माणसे, तेच काम, आणि ऊस किती झाला यावर एका वर्षी व्याख्येत बसणार व दुसऱ्या वर्षी व्याख्येबाहेर जाणार. मी कालावधीची वरची मर्यादा काढून टाकली आणि ‘मागील हंगामात तोडीसाठी किमान ३० दिवस गावाबाहेर मुक्काम’ अशी व्याख्या ठेवली. मात्र मुक्कामाचे महिने स्वतंत्र नोंदवायचे ठरवले, म्हणजे राष्ट्रीय आकड्यांशी तुलना करायची असेल त्याला सहा महिन्यांच्या आतील कुटुंबे वेगळी काढता येतील.

याच विचारातून गावांच्या निवडीची अडचण समोर आली. सामान्यतः गावे निवडताना जनगणनेतील लोकसंख्येच्या प्रमाणात संधी देतात; मोठ्या गावाची निवड होण्याची शक्यता जास्त, लहानाची कमी. पण आपल्या हाती असलेली गावनिहाय लोकसंख्या २०११ ची आहे आणि त्या जनगणनेची प्रत्यक्ष गणना ९ ते २८ फेब्रुवारी २०११ या काळात झाली. फेब्रुवारी म्हणजे गळीत हंगामाचा ऐन भर. जी व्यक्ती संपूर्ण गणनाकाळ आपल्या नेहमीच्या ठिकाणापासून दूर असते तिची नोंद ती जेथे सापडेल तेथे होते, हा जनगणनेचा नियम. म्हणजे आमच्या गावांतील तोडणी कामगार पश्चिम महाराष्ट्रातील किंवा कर्नाटकातील कारखान्यांजवळच्या कोप्यांवर, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांवर मोजले जाणार आणि ज्या गावातून जास्त माणसे जातात त्याच गावाची लोकसंख्या कागदावर कमी दिसणार. त्या आकड्यांच्या प्रमाणात गावे निवडली असती तर ज्यांच्यासाठी पाहणी करायची त्याच गावांना सर्वांत कमी संधी मिळाली असती. जनगणनेचा यात काही दोष नाही. तिने आपल्या नियमाप्रमाणे बरोबर मोजले. तो आकडा या कामासाठी मापाचा नव्हता इतकेच.

त्यामुळे लोकसंख्येचे प्रमाण सोडून मी गावांचे दोन स्तर केले: जास्त स्थलांतराची गावे आणि उरलेली गावे. हे वर्गीकरण ओळखपत्रांच्या नोंदणीवरून आणि पंचायत समित्यांतील विस्तार अधिकाऱ्यांना विचारून केले, आणि प्रत्येक स्तरातून साध्या यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, गावे काढायचे ठरवले. ‘नोंदणी अपुरी आहे, मग तिच्यावर विसंबून कसे चालेल?’ असा आक्षेप आला. त्याचे उत्तर असे की स्तर चुकीचा लागला तरी त्या गावाला निवडीची ठराविक संधी असतेच आणि अंदाज काढताना त्याच संधीनुसार गुणक, म्हणजे ते गाव किती गावांच्या वतीने मोजायचे तो आकडा, लागतो. तेव्हा अंदाज एका बाजूला झुकत नाही, फक्त त्याची अचूकता थोडी कमी होते. तीच यादी नमुना चौकट म्हणून, म्हणजे कुटुंबे निवडण्याची मूळ यादी म्हणून वापरली असती, तर मात्र नोंदणीबाहेरचे कुटुंब कायमचे बाहेर राहिले असते.

कुटुंबांच्या यादीचेही असेच झाले. ग्रामपंचायतीचा नमुना ८ तयार मिळतो, पण तो कराच्या आकारणीसाठी असल्याने त्यात मालमत्ता असतात, चुली नसतात. शिधापत्रिकांमध्ये विभक्त झालेली भावंडे एकत्र किंवा एकत्र राहणारी विभक्त दिसतात. शिवाय तांड्यावर आणि शेतातल्या वस्तीवर राहणारी घरे दोन्हींत विरळ. म्हणून निवडलेल्या प्रत्येक गावात घरोघर फिरून स्वतः यादी करायची, मोठे गाव असेल तर वस्त्यांचे गट पाडून त्यांतील काही गटच घ्यायचे, आणि यादीतील कुटुंबे ‘तोडीला जाणारी’, ‘इतर कामासाठी स्थलांतर करणारी’ व ‘न जाणारी’ अशी विभागून प्रत्येक भागातून कुटुंबे निवडायची, असे ठरले. यात खर्च वाढला, पण दुसरा मार्ग नव्हता.

नमुन्याच्या आकारावर सर्वांत लांब चर्चा झाली. ९५ टक्के विश्वास पातळी आणि ५ टक्क्यांची चूक धरली, म्हणजे शंभरपैकी पंच्याण्णव वेळा अंदाज खऱ्या टक्केवारीच्या पाच टक्क्यांच्या आत यावा असे म्हटले, तर साध्या यादृच्छिक नमुन्याला ३८४ कुटुंबे लागतात. एका गावातील कुटुंबे एकमेकांसारखी असल्यामुळे प्रत्येकाकडून नवी माहिती कमी मिळते, म्हणून ती दुप्पट करून ७६८ धरली. हे संपूर्ण जिल्ह्यासाठी. बैठकीत वरिष्ठांनी तालुकानिहाय आकडे मागितले आणि तालुके अकरा. ‘तालुका जिल्ह्याच्या अकराव्या हिश्श्याचा, मग नमुनाही अकरावा हिस्सा पुरेल ना?’ हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे आणि तो ऐकल्यावर चिडण्याचे कारण नाही, कारण अंकगणित तसेच सुचवते. पण हजारो कुटुंबांतून नमुना घेताना अचूकता मुख्यतः नमुन्यातील संख्येवर अवलंबून असते, एकूण कुटुंबे किती यावर जवळजवळ नाही. भातातली मीठ-चव पाहायला पातेले लहान असो वा मोठे, घास तेवढाच लागतो, असे सांगितल्यावर सभागृहात हसू आले आणि मुद्दा पोचला. प्रत्येक तालुक्यासाठी तीच अचूकता हवी असती तर ८,४४८ कुटुंबे घ्यावी लागली असती. शेवटी भूगोल आणि स्थलांतराचे स्वरूप पाहून तालुक्यांचे तीन गट केले. प्रत्येक गटाला ७६८ याप्रमाणे २,३०४ कुटुंबे, गावामागे १२ कुटुंबे म्हणजे एकूण १९२ गावे.

आता ही गावे कोण फिरणार? शिक्षकांची नावे पहिल्यांदा पुढे आली, जशी ती नेहमी येतात. पण शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ शिक्षकांना दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज अशैक्षणिक कामे देऊ देत नाही, तेव्हा तो विषय तेथेच थांबला. स्थानिक पदवीधर मानधनावर घ्यायचे आणि आमचे सांख्यिकी सहायक पर्यवेक्षक राहतील असे ठरले. गावाला यादीसह सरासरी पाच दिवस धरले तर ९६० मनुष्यदिवस होतात. ३० प्रगणक घेतले तर कामाचे ३२ दिवस.

हे ३२ दिवस वर्षात कोठे बसवायचे हा खरा पेच होता. टोळ्या दसऱ्यानंतर हलू लागतात आणि पाडव्याच्या आगेमागे, कधी अक्षय तृतीयेपर्यंत परततात. शासकीय निधी ३१ मार्चला संपतो. म्हणजे पैसा असतो तेव्हा माणसे गावात नसतात, आणि माणसे परत येतात तेव्हा नवीन वर्षाच्या निधीचा पत्ता नसतो. पाहणी घाईने जानेवारीत उरकावी, घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांना विचारावे, अशी सूचनाही आली होती. पण संपूर्ण घर कुलूपबंद असलेली कुटुंबे, म्हणजे नवरा-बायको आणि मुले सगळेच गेलेली, त्यातून पूर्ण निसटली असती आणि शाळा सुटणारी मुले नेमकी त्याच घरांतली. म्हणून ऑगस्टची सुरुवात ते सप्टेंबरचा शेवट हा काळ पक्का केला. त्यासाठी प्रशासकीय मान्यता जुलैच्या आत मिळावी लागणार होती, तेव्हा प्रस्ताव आदल्या हिवाळ्यातच फिरवायला सुरुवात केली. सोयाबीनची काढणी लागली की दिवसा घरी कोणी सापडत नाही, म्हणून भेटी संध्याकाळच्या ठेवल्या. आणि विचारायचे ते मागील हंगामाविषयी असल्याने तारखांऐवजी ‘गेल्या दसऱ्यापासून गेल्या पाडव्यापर्यंत’ असा काळ अनुसूचीत, म्हणजे प्रश्नावलीच्या छापील नमुन्यात, छापला. तारीख विचारली की लोक अडखळतात, सण विचारला की अचूक सांगतात.

पूर्वचाचणीसाठी आम्ही नमुन्याबाहेरची दोन गावे घेतली. अनुसूचीत प्रत्येक व्यक्तीची मजुरी लिहायचा रकाना होता. एका घरी प्रगणकाने मावशींना त्यांची हंगामातली मजुरी विचारली, तर त्या म्हणाल्या, ‘कोयत्याचा हिशोब एकच आस्तो, बाबा. त्यात माझं येगळं काय सांगू?’ प्रगणकाने सारी रक्कम नवऱ्याच्या ओळीत लिहिली आणि मावशींच्या ओळीत शून्य. तोडीचा दर टनाला असतो, उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्याला मिळते आणि हिशोब मुकादमाच्या, म्हणजे टोळी नेणाऱ्या कंत्राटदाराच्या, वहीत कोयत्याच्या नावाने होतो. तो रकाना तसाच राहिला असता तर जिल्ह्यातल्या हजारो स्त्रिया सहा महिने मोळ्या बांधून आणि वाहून शून्य उत्पन्नाच्या ठरल्या असत्या. मजुरीचा भाग व्यक्तीच्या पानावरून काढून कोयत्याचे वेगळे पान केले आणि त्यात कोण कोण आहेत एवढे नोंदवायचे ठेवले. उचलीचा प्रश्न मुलाखतीच्या अगदी शेवटी नेला आणि मुकादम किंवा त्याचा माणूस जवळ असेल तर तो विचारूच नये अशी सूचना प्रशिक्षण पुस्तिकेत ठळक अक्षरांत छापली. गावात मुकादम शेजारीच राहतो, त्यामुळे ही सूचना पाळणे किती कठीण ते पूर्वचाचणीतच दिसले.

बाकीचे कागदपत्र — अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, मानधनाचे दर, पर्यायी कुटुंब घेण्याचा नियम — यांत नेहमीचा वेळ गेला. पर्यायी कुटुंबाविषयी एवढेच नमूद करतो की दोन वेगवेगळ्या वेळी भेट दिल्याशिवाय बदल नाही, आणि बदल केल्यास मूळ कुटुंब का सापडले नाही हे लिहिणे सक्तीचे ठेवले, कारण कुलूप पाहून शेजारच्या उघड्या घरात शिरण्याचा मोह सर्वांनाच होतो.

मंजूर आराखड्यात मी दोन अटी लिहून घेतल्या आहेत. पहिली, प्रत्येक आकड्यासोबत त्याची सापेक्ष प्रमाण त्रुटी, म्हणजे नमुन्यामुळे तो आकडा किती टक्के इकडेतिकडे असू शकतो हे, छापायची आणि तालुक्याचा स्वतंत्र आकडा कोणी मागितला तरी द्यायचा नाही. दुसरी, १९२ गावांच्या घरयाद्या नावे वगळून कार्यालयात जपून ठेवायच्या. येत्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे आणि प्रत्यक्ष गणना पुन्हा फेब्रुवारीत, म्हणजे पुन्हा गळीत हंगामात येते. तिचे गावनिहाय आकडे हाती आले की ते आमच्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या यादीशेजारी ठेवून कोणत्या गावात किती फरक पडतो हे पाहता येईल, आणि पुढच्या पाहणीचे स्तर त्यावरून बांधता येतील.