तुम्ही विचारलंत म्हणून: सत्तरच्या दशकातलं सगळ्यात भारी सॉफ्ट रॉक गाणं कुठलं?

प्रश्न ठरलेला असतो आणि विचारणाऱ्याच्या मनात उत्तरही बहुधा ठरलेलं असतं. त्याला फक्त त्यावर शिक्का हवा असतो. म्हणून उत्तर आधीच सांगून टाकलेलं बरं: टेन सीसी या ब्रिटिश बँडचं 'आयम नॉट इन लव्ह', १९७५. दुसऱ्या नंबरवर डूबी ब्रदर्सचं 'व्हॉट अ फूल बिलीव्ह्ज'. तिसऱ्या नंबरवर कोण, यावर मात्र भांडायला कधीही तयार.

ईगल्सचं 'हॉटेल कॅलिफोर्निया' का नाही, हे लगेच विचारलं जातं. आपल्याकडे, विशेषतः गोव्यात, शॅकपासून लग्नाच्या हॉलपर्यंत प्रत्येक बँड ते वाजवतो, त्यामुळे त्याचं नाव आधी तोंडात येतं. पण त्या गाण्याची शेवटची दोन मिनिटं म्हणजे डॉन फेल्डर आणि जो वॉल्श यांच्या गिटारींची जुगलबंदी, आणि सगळं गाणं त्या जुगलबंदीकडेच चढत जातं. उत्तम रॉक आहे ते. सॉफ्ट नाही. ईगल्सचंच हवं असेल तर १९७९च्या 'द लाँग रन'मधलं 'आय कान्ट टेल यू व्हाय' घ्या. टिमथी श्मिटचा आवाज, गरजेपुरताच वाजणारा बेस, आणि कुणालाही कसली घाई नाही.

तर मग सॉफ्ट म्हणजे काय? हळू वाजणारं प्रत्येक गाणं सॉफ्ट रॉक नसतं. कसोटी एवढीच: गाण्यातला ताण आवाज न चढवता शेवटपर्यंत टिकतो का? रॉकमध्ये ताण वाढवायचा सोपा रस्ता म्हणजे ड्रम जोरात आणि गिटार कर्कश. तो रस्ता बंद केला की सगळा भार कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या स्वरांवर), आवाजांच्या थरांवर आणि ठेक्याच्या नेमकेपणावर येतो. भावगीत ऐकणाऱ्यांना हे वेगळं समजावायला नको. संथ गाण्यात चूक लपवायला जागा नसते.

त्या काळच्या स्टुडिओंनी हा मऊपणा अक्षरशः हातांनी घडवला. ड्रमच्या कातड्यावर टेप चिकटवायची, टॉवेल टाकायचा, टॉम या ड्रमचं खालचं कातडं काढून टाकायचं, ड्रमरला गालिचा घातलेल्या छोट्या खोलीत बसवायचं. घुमारा आधी असा मारून टाकायचा आणि मग हवा तेवढाच परत आणायचा, बहुतेकदा ईएमटी १४० या प्लेटमधून. ही प्लेट म्हणजे चौकटीत ताणून टांगलेला, साधारण दोन मीटर लांब आणि एक मीटर रुंद पोलादी पत्रा. आवाज त्या पत्र्यात सोडायचा आणि त्याच्या थरथरण्यातून निघालेला घुमारा टेपवर घ्यायचा. सोबतीला फेंडर ऱ्होड्स हा इलेक्ट्रिक पियानो. त्यात हातोडी तारेवर पडत नाही, धातूच्या बारीक काडीवर पडते आणि समोरचा पिकअप ते कंपन उचलतो. पट्टी अलगद दाबली तर घंटीसारखा स्वर येतो, जोरात मारली तर तो खरखरतो. म्हणजे वाद्यच वादकाला हात हलका ठेवायला लावतं.

आता 'आयम नॉट इन लव्ह'. मँचेस्टरजवळच्या स्टॉकपोर्टमधला स्ट्रॉबेरी स्टुडिओ. गाणं एरिक स्टुअर्ट आणि ग्रॅहम गोल्डमन यांचं. आधी ते बोसानोवा या ब्राझिलियन ठेक्यावर बसवलं होतं, पण बँडमधल्या बाकीच्यांना ते आवडलं नाही आणि गाणं बाजूला पडलं. मग केव्हिन गॉडलीने सुचवलं की वाद्यं जवळजवळ काढून टाकू, सगळं आवाजांनी करू. लोल क्रीमने टेपच्या लूपची कल्पना काढली.

इथून हिशोब सुरू होतो. बँडमधल्या तिघांनी एकच स्वर एकत्र गायचा. तो टेपच्या १६ ट्रॅकवर (समांतर पट्ट्यांवर) १६ वेळा रेकॉर्ड करायचा. झाले ४८ आवाज. असं कोमल-तीव्र सगळे धरून १३ स्वरांचं करायचं: एकूण ६२४ आवाज. मग प्रत्येक स्वराची टेप कापून तिची टोकं जोडायची आणि लूप करायचा. लूप सुमारे १२ फूट लांब. मशीनच्या बाहेर काढून, स्टँडला वळसा घालून तो परत आत घ्यावा लागे. एवढा लांब का? कारण जोडाच्या जागी टेप पुढे सरकताना बारीकसा खट्ट आवाज येतो. सेकंदाला १५ इंच या वेगाने १२ फूट टेप फिरायला साडेनऊ सेकंद लागतात. लूप आखूड केला असता तर ते खटके ठेक्यासारखे ऐकू आले असते.

तेरा स्वर तेरा ट्रॅकवर उतरवल्यावर उरले तीन ट्रॅक. त्यांवर साथीची वाद्यं: ऱ्होड्स, गिटार, आणि हृदयाच्या ठोक्यासारखा तो बारीक ठेका. तो ड्रम नाही, मूग सिंथेसायझर आहे. नंतर चौघे मिक्सरसमोर बसले आणि फेडर (प्रत्येक ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या खुंट्या) वर-खाली करत कॉर्ड वाजवले. मिक्सरचंच वाद्य झालं. खरी गंमत पुढे आहे. फेडर पूर्ण बंद होऊ नयेत म्हणून त्यांच्या तळाशी चिकटपट्टी लावली होती. त्यामुळे जे स्वर कॉर्डमध्ये नाहीत तेही सगळा वेळ पुसटसे चालूच राहतात. गाण्याच्या पार्श्वभूमीला जी धुक्यासारखी अस्वस्थता आहे ती इथून येते. शब्द म्हणतात प्रेम नाही. मागचे सगळे स्वर एकदम कुजबुजत असतात आणि शब्दांचं म्हणणं खोटं पाडतात. मधली बायकी कुजबुज, मोठी मुलं रडत नसतात असं सांगणारी, ती स्टुडिओची सेक्रेटरी कॅथी रेडफर्न हिची. ब्रिटनमध्ये गाणं पहिल्या नंबरवर गेलं, अमेरिकेत दुसऱ्या.

दोन वर्षांनी बिली जोएलच्या 'जस्ट द वे यू आर'मध्ये निर्माता फिल रमोनने अशीच आवाजांच्या लूपची युक्ती वापरली. हे गाणं अल्बममध्ये घ्यायलाच जोएल तयार नव्हता, लिंडा रॉनस्टॅट आणि फीबी स्नो या गायिकांनी गळ घातली म्हणून ते राहिलं. फिल वूड्सचा आल्टो सॅक्स अप्रतिम आहे. तरी माझ्या यादीत ते पहिल्या पाचात नाही, कारण त्यात ताणच नाही. सगळं आधीच ठरल्यासारखं गोड.

ताण हवा तर 'व्हॉट अ फूल बिलीव्ह्ज'. डूबी ब्रदर्सचा मायकल मॅकडोनाल्ड आणि गायक केनी लॉगिन्स यांनी मिळून लिहिलेलं. लॉगिन्सने ते १९७८मध्ये आपल्या अल्बममध्ये आधी गायलं, डूबी ब्रदर्सचं त्याच वर्षअखेरीस 'मिनिट बाय मिनिट'मध्ये आलं. दोन्ही लागोपाठ ऐका, म्हणजे एकच चाल असूनही ठेका किती फरक करतो ते कळेल. डूबी ब्रदर्सचा टेक (एका दमात केलेलं रेकॉर्डिंग) काही केल्या जमेना. निर्माता टेड टेम्पलमन स्वतः दुसऱ्या ड्रमवर बसला, आणि शेवटी टेप कापून वेगवेगळ्या टेकचे तुकडे जोडले. कीबोर्डची ती उसळती लय ऐकताना यातलं काही जाणवत नाही. अंतरा डी फ्लॅट या पट्टीत आहे आणि कोरस ईमध्ये जातो. म्हणजे जुन्या ओळखीच्या बाईबद्दल त्या माणसाचा जो गैरसमज आहे, तो कोरसला येताच पट्टीसकट वर उचलला जातो. १९८०च्या ग्रॅमीमध्ये साँग ऑफ द इयर आणि रेकॉर्ड ऑफ द इयर, दोन्ही यालाच.

तिसऱ्या जागेसाठी माझे तीन उमेदवार आहेत. फ्लीटवुड मॅकचं 'ड्रीम्स' (१९७७): जवळजवळ सगळं गाणं एफ आणि जी या दोनच कॉर्डवर. कान ज्या सीची, म्हणजे घरच्या कॉर्डची, वाट बघतो तो सी येतच नाही, म्हणून चार मिनिटं गाणं जमिनीला टेकत नाही. त्या अल्बमच्या वेळी टेप इतक्या वेळा फिरवली गेली की ड्रमचे वरचे स्वर झिजले आणि सुरक्षित ठेवलेल्या प्रतीवरून ते परत आणावे लागले. बॉझ स्कॅग्सचं 'लोडाऊन' (१९७६): डेव्हिड पेच, जेफ पोर्कारो आणि डेव्हिड हंगेट ही पुढच्या टोटो बँडची मंडळी, आणि पोर्कारोचा हाय-हॅट (ड्रमसेटमधली पायाने मिटणारी झांजांची जोडी). बाकी सगळं विसरून पाच मिनिटं फक्त तो हाय-हॅट ऐकावा. आणि कार्पेंटर्सचं 'सुपरस्टार' (१९७१). कॅरन कार्पेंटर खालच्या पट्टीत, माइकच्या अगदी जवळून गाते. तो टेक खरं तर नंतर बदलायच्या बोलीवर, शब्द रुमालाच्या कागदावर लिहून, गाऊन ठेवलेला होता. तोच राहिला. कार्पेंटर्सना रॉक म्हणायचं का, असं कुणी नाक मुरडलं तर त्याला 'गुडबाय टू लव्ह'मधला टोनी पेलूसोचा खरखरीत गिटार सोलो ऐकवा. १९७२मध्ये त्या सोलोवरून त्यांना चिडलेल्या चाहत्यांची पत्रं आली होती.

आज विचाराल तर 'ड्रीम्स'. उद्याचं सांगता येत नाही.

स्टीली डॅन या बँडचे भक्त इथे अडवतात. त्यांच्या 'पेग'मधल्या गिटार सोलोसाठी सहा-सात वादक आजमावले गेले आणि शेवटी जे ग्रेडनचा ठेवला. कोरसमधले मागच्या आवाजांचे थर मुख्यतः मॅकडोनाल्डचे. कारागिरीत त्यांच्या जवळपास कुणी नाही, हे मान्य. पण ते गाणं दुरून हसतं, आणि सॉफ्ट रॉकला दुरून हसून चालत नाही. जेरी रॅफर्टीच्या 'बेकर स्ट्रीट'चं उलट आहे: अंतरे अगदी मऊ, पण सॅक्स येतो तो रस्ता अडवतच. तो वाजवणारा रॅफेल रेव्हन्सक्रॉफ्ट स्वतः नंतर म्हणायचा की सॅक्स सुरात नाही, आणि एकदा ते कळलं की कानाला टोचत राहतं. क्रिस्टोफर क्रॉसचं 'सेलिंग' चालेल का? अल्बम डिसेंबर १९७९चा आहे, पण सिंगल १९८०चं. मी अल्बमची तारीख धरतो, म्हणून पात्र आहे. पहिल्या दहात आहे, पाचात नाही.

मित्रमंडळींत हा वाद घालायचाच असेल तर काही गोष्टी पाळा, नाहीतर निकाल खोटा लागतो. दोन गाण्यांचा आवाज सारखा करून घ्या. जे थोडं मोठ्याने वाजतं ते कानाला आपोआप चांगलं वाटतं, आणि नव्या रीमास्टर केलेल्या प्रती बहुतेक वेळा मूळ प्रतीपेक्षा मोठ्या असतात. अल्बममधलं गाणं आणि रेडिओसाठी कापलेलं सिंगल यांची तुलना करू नका. 'आयम नॉट इन लव्ह' सहा मिनिटांचं आहे. पावणेचार मिनिटांचं लागलं तर ते कापलेलं आहे, आणि कात्री नेमकी त्या धुक्यावर चालली आहे. सगळ्यात मोठा घोटाळा संकलनांत असतो: गायक तोच, नाव तेच, पण गाणं वीस वर्षांनी पुन्हा रेकॉर्ड केलेलं. टेन सीसीनेच नव्वदच्या दशकात या गाण्याची अकूस्टिक आवृत्ती केली आहे. अल्बमचं नाव आणि साल बघूनच बटण दाबा. फोनच्या स्पीकरवर तर निकाल देऊच नका. खालचा बेस आणि डाव्या-उजव्या बाजूंना पसरलेले आवाज, दोन्ही तिथे गायब होतात.

बँडवाले विचारतात की आम्ही वाजवतो तेव्हा ते तसं का लागत नाही. बहुतेकदा दोष स्नेअरचा (तडतड वाजणाऱ्या मधल्या ड्रमचा) असतो. स्टेजवरचा स्नेअर कडक वाजतो. त्यावर पातळ फडकं टाका किंवा टेपच्या दोन पट्ट्या लावा. 'ड्रीम्स'चा वेग मिनिटाला १२० ठोक्यांच्या आसपास आहे. कोरसला तो वाढतोच, म्हणून ड्रमरच्या कानात क्लिक (ठरलेल्या वेगाची टिकटिक) द्या. कीबोर्डवर इलेक्ट्रिक पियानोचा चकचकीत, काचेसारखा आवाज निवडू नका. तो यामाहा डीएक्स ७चा आहे, म्हणजे १९८३चा, आणि एका कॉर्डमध्ये गाणं दहा वर्षं पुढे ढकलतो. ऱ्होड्सचा आवाज घ्या, ट्रेमोलो (आवाजाचं लहान-मोठं होणं) मंद ठेवा, डावा हात बेसवाल्यासाठी मोकळा सोडा. 'आयम नॉट इन लव्ह'ला क्वायरचा पॅड (कीबोर्डवरचा लांबवलेला समूहस्वर) वापरणार असाल तर त्यातलं व्हायब्रेटो (स्वराची थरथर) पूर्ण बंद करा, आवाज सावकाश उमटू द्या, आणि दुसऱ्या कीबोर्डवर बाराही स्वर एकदम दाबून धरा, इतक्या हळू की कुणाच्या लक्षात येऊ नयेत. साउंड चेकला ते एकदा बंद करून बघा. समोर बसलेल्याला काहीतरी गेलं एवढंच कळेल, काय गेलं ते सांगता येणार नाही. पातळी बरोबर लागली.