पाचशे नव्याण्णव

मी मोडी वाचतो. तीस वर्षं भूमापनाच्या कचेरीत काढली. तिथल्याच एका वयस्क कारकुनाने जेवणाच्या सुट्टीत मला ही लिपी शिकवली. निवृत्त झालो आणि काम वाढलं. भावाभावांच्या वाटणीचे कागद, देवस्थानांच्या सनदा, विहिरीच्या पाळीचे तंटे. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली, तेव्हा तर मोडीवाल्याला एकदम भाव आला. तोवर कुणी विचारलं, ‘हे हल्ली काय करतात?’ की बायको ‘वाचत बसतात’ एवढंच सांगायची.

त्याच सुमारास एका विद्यापीठातून फोन आला. जुने दुष्काळ अभ्यासायचे होते आणि तेही तीन विद्याशाखांनी मिळून. एक मुलगी वनस्पतिशास्त्राची, यवतमाळकडची. घाटाखालच्या जंगलात तोडलेल्या सागांच्या बुंध्यांच्या चकत्या जमवून त्यांतली वलयं मोजायची. दुसरे अर्थशास्त्राचे सर, पेशवाईतल्या सारावसुलीत बुडालेले. तिसरे मराठी विभागातले, शाहिरी वाङ्मयाचे अभ्यासक. त्यांना सगळे शाहीरच म्हणायचे. चौथा मी, कुठल्याच शाखेचा नसलेला. माझं काम कागद वाचून त्यातला मजकूर आणि तारीख तक्त्यात भरायचं. पानामागे पैसे.

काम मोठं गोड होतं. पुराभिलेखागारात जाऊन बसायचं, चिठ्ठी द्यायची, मग रुमाल यायचा. रुमाल म्हणजे कागद बांधून ठेवलेलं फडकं. गाठ सोडली की आधी नाकात धूळ, मग कागदाचा तो उबट वास. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग बोरू न उचलता अक्षरं तिला टांगत जायची, अशी रीत. शब्दांत अंतर नाही, विराम नाही. लिहिणारा घाईत असला तर ‘व’ कुठला आणि ‘ब’ कुठला हे मागच्यापुढच्या शब्दांवरून ताडायचं. मजकुरात गावोगावची रड: रयत परागंदा झाली, वैरण उरली नाही, तगाई म्हणजे शेतीसाठी उसनी रक्कम द्यावी, कौल म्हणजे अभयाचा लेखी शब्द द्यावा, साऱ्यात सूट पडावी. वाचता वाचता त्या पाटलांची नावंसुद्धा ओळखीची वाटू लागतात.

खरी मेख तारखेत असते. पेशवे दफ्तरातले पुष्कळसे कागद शुहूर सनाचे. लोक त्याला अरबी सनही म्हणतात. त्यात आकडे अरबी शब्दांत आणि उलट्या क्रमाने येतात, एकं आधी, हजार शेवटी. ‘सबा सबैन मया व अलफ’ म्हणजे सात, सत्तर, शंभर आणि हजार, ११७७. महिने मोहरम, सफर असे चंद्राचे, पण वर्ष बदलतं ते सूर्य मृगात शिरला की. पेरणीपाशी वर्ष सुरू. म्हणूनच त्याला मृगसाल म्हणतात. इंग्रजी हिशेबाने जूनच्या आरंभी. आता इसवी सन काढायचा तर मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढल्या मृगापर्यंतच्या कागदाला ६००. मोडीच्या वर्गात हे मी पहिल्या महिन्यात शिकवतो. फळ्यावर लिहून, खाली दोन रेघा मारून.

तक्ता संगणकावर भरायची वेळ आली तेव्हा भाच्याला बसवला. त्याने विचारलं, ‘मामा, सनात किती मिळवू?’ मी कपात पाव बुडवत होतो. म्हटलं, ‘पाचशे नव्याण्णव.’ त्याने सूत्र टाकलं, रकाना खालपर्यंत ओढला आणि चारशेवर नोंदींना एका क्षणात इसवी सन मिळाला. मला कौतुकच वाटलं. तपासायला मी तीन नोंदी काढल्या, तिन्ही नेमक्या दसरा-दिवाळीच्या आसपासच्या. तिन्ही बरोबर निघाल्या. निघणारच.

हे सगळं झालं दीड वर्षापूर्वी.

आता त्या शनिवारबद्दल. जुलै महिना, बाहेर कोसळत होतं, विभागातल्या बैठकीच्या खोलीत छत एका कोपऱ्यात गळत होतं आणि खाली कुंडीखालची बशी ठेवली होती. सोमवारी निबंध पाठवायचा होता. भिंतीवर तक्ता लावलेला. आडव्या रेघेवर वर्षं, वरच्या बाजूला माझ्या कागदांतली ओरड, खालच्या बाजूला सागाची वलयं. बाकी ठिकाणी दोन्ही बऱ्यापैकी हातात हात घालून चालत होती. १८०२ पाशी मात्र बिनसत होतं. माझ्या कागदांत १८०२ च्या उन्हाळ्यात ओरडीचा डोंगर. म्हणजे १८०१ चा पाऊस गेला असणार. तिच्या सागात १८०१ चं वलय भरलेलं, १८०२ चंही नेहमीसारखं, आणि बारीक झालेलं एकदम १८०३ चं.

सागाची वलयं मोजणं वाटतं तितकं सरळ नाही, हे तिच्याकडूनच मला कळलं. झाड पावसाळ्यात वाढतं, उन्हाळ्यात पानं गाळून थांबतं, त्यामुळे वर्षाची रेघ उमटते खरी. पण पावसाने मध्येच मोठी दडी मारली आणि पुन्हा धरला, तर एकाच वर्षात दोन वलयांचा भास होतो. एखाद्या वाईट वर्षी बुंध्याच्या एका अंगाला वलय धरतच नाही. म्हणून एका झाडावर विसंबत नाहीत, बरीच झाडं एकमेकांशी ताडून बघतात. तिने ताडली होती. तरी गेले तीन महिने ती पोर तीच चकती पुन्हा पुन्हा घासत होती, आधी जाड पॉलिश कागदाने, मग बारीक, मग त्याहून बारीक, आणि भिंगाखाली धरून मोजत होती. कारण काय, तर कागद वेगळं सांगतात. मधल्या काळात मी घरी बायकोला म्हणालोही होतो, ‘झाडांचं काय एवढं! लिहिलेलं आहे ना समोर.’

त्या दिवशी ती शेवटी म्हणाली, ‘काका, मी ही चकती काढूनच टाकते जी. माझंच काही चुकलं असन.’

सर म्हणाले, काढू नकोस, टीप टाक. मग त्यांचं ठरलेलं सुरू झालं: अर्जावर विश्वास ठेवायचा नाही. सूट मागणारा पाटील कधी ‘यंदा सुगी झकास’ असं लिहील का? ओरड म्हणजे दुष्काळ नव्हे, ओरड म्हणजे मागणी. प्रत्यक्ष सूट किती पडली ते गावच्या हिशेबात बघायचं. हे ते दर बैठकीत सांगत आणि दर बैठकीत मला ते माझ्या कागदांवर डाफरल्यासारखं वाटे. मी जरा तोऱ्यात म्हटलं, ‘सर, मागणी असली तरी कारण लिहिलंय ना त्यांनी. वाचतो, ऐका.’ आणि समोरच्या नोंदीतला मजकूर वाचून दाखवला. होळकरांच्या फौजेच्या दंग्याने गाव पायमाल झाला, कहीवाल्यांनी कडब्याच्या गंज्या नेल्या, बैल नेले, बियाणं उरलं नाही. कही म्हणजे फौजेसाठी वैरण-दाणा ओढून आणायला सुटलेली टोळी.

शाहीर तोवर मोबाइलमध्ये होते. तारीखवारीच्या चर्चेत ते कधी पडत नसत. पोवाड्याला सन नसतो, असं अभिमानाने सांगायचे. त्यांनी मान वर केली.

‘कधीचा म्हणालात हा?’

‘एप्रिल १८०२.’

‘कसं शक्य आहे? हडपसरची लढाई दिवाळीत झाली. पंचवीस ऑक्टोबर १८०२. यशवंतराव होळकर पुण्यावर आला तो त्या दिवाळीत. त्याच्या आधीच्या एप्रिलात पुण्याच्या आसपासचा पाटील त्याच्या नावाने कसा रडेल?’

खोलीत फक्त बशीत पडणाऱ्या थेंबांचा आवाज. सर माझ्याकडे बघत होते. मी भिंतीकडे.

पहिल्यांदा मनात आलं ते सांगतो, लपवण्यात अर्थ नाही. वाटलं, शाहिरांचंच चुकलं असेल. दुसरं वाटलं, त्याआधी होळकरांची एखादी तुकडी येऊन गेली असेल. माणूस स्वतःला सोडवायला किती भराभर इतिहास रचतो! मग मूळ कागदाचा फोटो उघडला. तळाशी स्वच्छ होतं: छ १४ जिल्हेज, सन सलास मयातैन व अलफ. छ म्हणजे चंद्र, महिन्याचा चौदावा. सलास तीन, मयातैन दोनशे, अलफ हजार. १२०३. वाचन चोख होतं. तीन गोष्टी आठवल्या, पाव, कप आणि भाचा.

बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीमागे मांडलं. १२०३ हे साल बसलं १८०२ च्या मृगाला आणि संपलं १८०३ च्या मृगाला. जिल्हेज त्या वर्षी मार्चअखेर लागलेला. म्हणजे चौदावा चंद्र एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातला, पण १८०३ चा. ६०० मिळवायचे होते, मी ५९९ मिळवले. गंमत अशी की चंद्राचे महिने दर वर्षी अकराच दिवस सरकतात. त्यामुळे आदल्या वर्षीही जिल्हेज एप्रिलातच होता. चुकीची तारीखसुद्धा खरी दिसत होती. अशी चूक एखाद्या कागदावरून नजरेला येत नाही.

मी उभा राहिलो. का उभा राहिलो कोण जाणे, शाळेत राहतात तसा. म्हटलं, ‘चूक माझी आहे. याच एका कागदाची नाही. जानेवारी ते मृग, जेवढे कागद आहेत तेवढे सगळे एक वर्ष मागे गेलेत.’ आणि मग तिच्याकडे वळून म्हटलं, ‘तुझी चकती बरोबर आहे गं. तीन महिने तुला उगाच घासायला लावली.’

ती काहीच बोलली नाही. आधी हसली, मग डोळे पुसले, मग म्हणाली, ‘चहा सांगू का?’ तिने चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

सर रागावतील असं वाटलं होतं. ते उठून भिंतीपाशी गेले आणि बोटाने ओरडीचा तो डोंगर १८०२ वरून उचलून १८०३ वर ठेवल्यासारखं केलं. ‘म्हणजे बघा,’ ते म्हणाले, ‘ही ओरड १८०३ च्या उन्हाळ्यातली. तिच्याआधीचा पाऊस १८०२ चा. त्या वर्षीचं वलय कसं आहे?’

‘नेहमीसारखं,’ ती म्हणाली.

‘आणि बारीक?’

‘१८०३ चं. पण तो पाऊस तर या ओरडीनंतरचा.’

पुन्हा जुळत नव्हतंच. पण मघाचं न जुळणं आणि आताचं न जुळणं यांत जमीन-अस्मानाचा फरक. १८०३-०४ चा मोठा दुष्काळ पुस्तकांतून सगळ्यांना माहीत आहे. इथे पाटील त्याच्या आधीच लिहीत होते की बैल गेले, बियाणं गेलं. पाऊस हुकला तेव्हा या गावांत पेरायला आधीच काही नव्हतं. सर जे दीड वर्षं ओरडून सांगत होते की दुष्काळ फक्त आभाळातून पडत नाही, त्याला पहिल्यांदा माझ्या कागदांचा आधार मिळाला, तोही माझी चूक सापडल्यावर. लगेच त्यांनी स्वतःच आवर घातला: मूठभर गावं, काही चकत्या, एवढ्यावरून मोठं विधान करायचं नाही. शाहीर मात्र खुशीत होते. ‘आमच्या दिवाळीने तुमचं शास्त्र वाचवलं,’ हे वाक्य ते अजून प्रत्येक चहाला ऐकवतात. ऐकून घ्यावं लागतं.

निबंध अर्थातच सोमवारी गेला नाही.

त्या रात्री नऊपर्यंत आम्ही तिथेच होतो. सूत्र दुरुस्त करून भागणारं नव्हतं. चंद्राचे महिने ऋतूंतून फिरत असतात, त्यामुळे अमुक महिना आला की ६०० असा नियम करता येत नाही. प्रत्येक नोंद जंत्रीत, म्हणजे जुन्या तारखांच्या कोष्टकात बघायची, मृग कुठे पडला ते बघायचं, मग ठरवायचं. मी वाचायचो, ती लिहायची, शाहीर पुढचा कागद काढून द्यायचे. मध्येच भाच्याचा फोन आला. ‘मामा, किती वेळ?’ म्हटलं, ‘तुझ्या पाचशे नव्याण्णवांत अडकलोय.’ तो म्हणाला, ‘माझ्या?’ त्याचंही बरोबरच होतं.

पुढे चार शनिवार गेले. त्या कामाचे पैसे मी घेतले नाहीत. सरांनी एकदा विचारलं, मी विषय बदलला.

एक कागद मात्र अजून सुटलेला नाही. छ ८ सफर, सन तेच, सलास मयातैन व अलफ. शुहूर वर्ष सूर्याचं, महिने चंद्राचे, म्हणून एका वर्षाच्या दोन्ही टोकांना तोच महिना थोडा थोडा येऊ शकतो. आठवा सफर त्या सालात दोनदा येतो: एकदा मृग लागल्याबरोबर, जून १८०२ मध्ये, आणि एकदा साल संपता संपता, मे १८०३ च्या शेवटी. पहिली तारीख धरली तर गाव होळकर यायच्या आधीच बियाण्यासाठी हात पसरत होता. दुसरी धरली तर तो बाकीच्यांसारखाच लुटला गेलेला. कागदात फौजेचा उल्लेख नाही. वार दिला असता तर निकाल लागला असता, पण जिथे वार असायचा ती कडा कसरीने खाल्ली आहे. तक्त्यात त्या नोंदीपुढे इसवी सनाचा रकाना मी मोकळा ठेवलाय. भाच्याने दोनदा विचारलं, इथे काय टाकू? म्हटलं, हात लावू नकोस.